साव्वाची चौदा तारीख

१० डिसेंबर १९२२, बिझर्ता बंदर, बोटीवर

झिनाइदा बाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा फेक्ला, हात वळेल. मी विचारलं, कपडे धुणाऱ्या बाईचा हात वळून कुणाचं काय भलं होणार आहे? म्हणाल्या, पंचेचाळीस वर्षांच्या बाईला आपलं म्हणणं लिहिता आलं पाहिजे. माझं म्हणणं मी तोंडानं सांगते आणि सगळ्या बोटीला ऐकू जातं. पण वही जाड आहे, कागद चांगला आहे. घेतली.

बाई लेफ्टनंटच्या विधवा. आमच्या शेजारी राहतात, मधे एक घोंगडी टांगलेली. सेवास्तोपोलला घरी असतो तर मला त्यांच्याकडे मागच्या दारानं जावं लागलं असतं. इथं त्यांची शिंक मला कळते आणि माझं भांडण त्यांना. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, मागच्या दोन हिवाळ्यांत, तोफांच्या रिकाम्या खोबणीत बसून. तोफा फ्रेंचांनी काढून नेल्या, म्हणून जागा झाली.

चार ओळी कधीच झाल्या.

१२ डिसेंबर, सोमवार

आज गावात फ्रेंचांचा नाताळ. सकाळपासून घंटा. इथला अरब मासेवाला हस्सूना होडीतून मासळी घेऊन आला तो हसतच.

"मादाम फेक्ला, तुमच्या लोकांचा सण आणि तुम्ही धुणं धुताय?"

"आमचा अजून तेरा दिवसांनी आहे."

"येशू एकच ना तुमचा?"

"एकच. फ्रेंचांना घाई झालीये."

"मग खरी तारीख कुठली?"

"आमची. गप मासे दे. आणि हा सुरमई म्हणून देतोस तो कालचा आहे, डोळे बघ त्याचे."

हस्सूनाला काय सांगायचं? फ्रेंचांची तारीख आमच्यापुढं तेरा दिवस पळते. आमच्याकडे क्रांती झाली आणि लाल लोक गादीवर बसले, तेव्हा त्यांनी हीच परक्यांची तारीख आमच्या देशावर लादली. लोक झोपले एका तारखेला, उठले तेरा दिवसांनी. त्या तेरा दिवसांत ज्यांचे वाढदिवस होते त्यांनी काय करायचं, कुणी विचारलं नाही. बाकी सगळं तर नेलंच होतं. म्हणून आमच्या बोटीवर ती तारीख चढू द्यायची नाही असं ठरलंय. भोजनखान्याच्या भिंतीवर पाद्रीबाबांनी हातानं लिहिलेलं कॅलेंडर आहे, रोज एक पान. ते पान फाडायचं काम माझ्या नवऱ्याकडं. फ्रेंच कचेरीतून कागद आला तर झिनाइदा बाई त्यातून तेरा वजा करतात आणि मग आम्हाला सांगतात. हे सगळं सुरळीत चालतं.

तिखोन, माझा नवरा, तीस वर्षं आरमारात सारंग होता. साडेतीनशे खलाशी त्याच्या शिट्टीवर उठायचे, जेवायचे, दोर ओढायचे. आता बोटच हलत नाही तर सारंगाला काय काम? पान फाडतो. दाढी करून, बटणं लावून, आठाच्या ठोक्याला. कान तोफांनी गेले, छाती इथल्या दमट हवेनं चालली. पण पान कधी वाकडं फाटलं नाही.

१४ डिसेंबर

पत्र आलं. साव्वाचं.

अक्षर वाईट येणार. येऊ दे.

दोन वर्षं आणि एक महिना झाला. क्रिमियातून पळताना तो एका जहाजावर चढला, आम्ही दुसऱ्या. त्यानंतर एक शब्द नाही. मी मेल्याचं धरलं नव्हतं, जगल्याचंही धरलं नव्हतं. मधेच कुठंतरी ठेवला होता.

मी स्वतः वाचलं, बोट ठेवून. झिनाइदा बाई घोंगडीपलीकडून म्हणाल्या, मदत करू का? मी म्हटलं, माझा मुलगा आहे, मी वाचते. संध्याकाळ झाली वाचता वाचता. इथं उतरवून ठेवते, कागद झिजला तर असावं.

"आई, बाबा, तुम्ही आहात की नाही मला माहीत नाही. इस्तंबूलला इंग्रजांच्या गोदीत काम करतो. परवा एक जुनी यादी मिळाली, दोन वर्षांपूर्वीची, तीत बाबांचं नाव आणि तुमच्या बोटीचं नाव होतं. मला ब्राझीलला जायची परवानगी मिळाली आहे, कॉफीच्या मळ्यावर. आमची आगबोट मार्सेयला जाताना बिझर्त्याला कोळसा भरायला थांबेल, चौदा जानेवारीला, रविवारी, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. आम्हाला खाली उतरू देणार नाहीत, पण तुम्ही कोळशाच्या धक्क्यावर या. मला बघू दे. नाही आलात तर मी समजेन की तुम्ही गेलात, आणि पोचल्यावर तुमच्या नावानं मेणबत्ती लावेन. तिकडचा पत्ता अजून माहीत नाही. तुमचा साव्वा."

तिखोनला वाचता येतं, तरी मीच त्याच्या कानात ओरडून तीनदा वाचलं. बोटीवर सगळ्यांना पाठ झालं असेल.

तो उठला, भोजनखान्यात गेला, कॅलेंडरसमोर पुढचे वार बोटांवर मोजले. परत आला. "चौदा शनिवारी येते. ह्यानं रविवार लिहिलंय."

"लहानपणापासून वारांत गोंधळ त्याचा. शाळेत रविवारी गेला होता एकदा, आठवतं? दप्तर घेऊन, दारात बसून राहिला."

"वार चुकेल," तिखोन म्हणाला. "सारंगाचा पोरगा तारीख चुकणार नाही."

एक महिना आहे. उद्या उत्तर टाकते, पण ते पोचेपर्यंत हा तिथून निघालेला असेल.

१७ डिसेंबर, शनिवार

डबा काढला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, वर राणीचं चित्र होतं, आता फक्त तिचा मुकुट उरलाय. क्रिमियातून निघताना लोकांनी गाद्या आणल्या, चहाचे समोवार आणले, एका कर्नलीणबाईंनी पोपट आणला. तिखोननं हा डबा आणला आणि मला म्हणाला, तुझी फरची टोपी राहू दे, जागा नाही. अजून बोलते मी त्याला त्या टोपीवरून.

आत काय आहे ते लिहिते. तिखोनच्या बापाचं पदक, म्हाताऱ्यानं सेवास्तोपोलच्या वेढ्यात पोरवयात दारूगोळा वाहिला होता, त्याचं. तिखोनचे शौर्याचे दोन जॉर्जचे क्रॉस, एक जपानी लढाईचा, एक जर्मन लढाईचा. त्याच्या पहिल्या जहाजाची टोपीची फीत, काळी, त्यावर सोन्याच्या अक्षरात नाव. ते जहाज तळाला गेलं, माणसं गेली, फीत माझ्या हातात आहे. आणि साखळीसकट चांदीची शिट्टी.

शिट्टीचा आमच्या घरात एक रिवाज आहे. बापानं ती जिवंतपणी द्यायची. मेलेल्याच्या गळ्यातून काढलेली शिट्टी वाजत नाही म्हणतात. बाप एकदा वाजवतो, मुलाच्या हातात देतो, मग मुलगा वाजवतो. तिखोनला त्याच्या बापानं अशीच दिली. साव्वाला द्यायची होती तो सारंग झाल्यावर. आता तो कॉफी तोडणार. तिखोनला विचारलं, कॉफीच्या मळ्यात शिट्टीचं काय करेल तो? रागावला. म्हणाला, मळ्यातही माणसं जेवायला बोलवावी लागतातच ना.

धक्क्यावरून वर देणार कशी? हस्सूना म्हणाला, दोरीनं टोपली सोडतात वरून, फळवाले देतात तसं देता येईल. झालं तर मग.

२४ डिसेंबर

नाताळचा उपास. पहिली चांदणी दिसेपर्यंत पाणी नाही, आणि आज ढग. पोरं डेकवर माना वर करून उभी. शेवटी पाद्रीबाबा म्हणाले, ढगामागं आहे, मी हमी देतो, जेवा.

मध घातलेले शिजवलेले गहू केले, गहू चांगला नव्हता. एक ताटली जास्तीची मांडली. एरवी ती मेलेल्यांसाठी मांडतात. तिखोन म्हणाला, ही साव्वाची. मी म्हटलं, जिवंत माणसाची ताटली आज मांडत नाहीत. उचलली. मग पुन्हा मांडली. भांडत बसायला ताकद नव्हती उपाशीपोटी.

२८ डिसेंबर

तिखोनचा गणवेश काढला. कसर लागलेली, काखेत दोन भोकं. काळा दोरा झिनाइदा बाईंकडं मागितला तर त्यांनी त्यांच्या शोकाच्या टोपीचा उसवून दिला. घ्यायला नको होता, घेतला.

तिखोन शिट्टीचा सराव करतोय. दुपारच्या दारूवाटपाची शिट्टी, खलाशी तिला बुलबुल म्हणायचे. लांबलचक तान, आणि शेवटी तिखोन ती वर उचलून एकदम तोडायचा. ही त्याची खूण. दुसरा कुठलाही सारंग तसं करत नसे, आणि त्याच्या हाताखालून गेलेलं प्रत्येक पोरगं तसंच करायचं. साव्वा सहा वर्षांचा असल्यापासून दोन बोटं तोंडात घालून हुबेहूब करायचा. शेजारची घरं जेवायला बसायची अवेळी.

आता तिखोनला शेवट उचलता येत नाही. तिथवर गेला की खोकला. मी सांगितलं, अर्धीच वाजव. म्हणाला, अर्धी शिट्टी देऊ पोराला?

बोटीवरचा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, उन्हाळा निघाला तर निघाला. मी म्हटलं, आम्हाला चौदा जानेवारीपर्यंत पुरे.

१ जानेवारी १९२३, रविवार

नवं वर्ष. आमचं. सकाळभर प्रार्थना, मग अधिकाऱ्यांना मानवंदना, मग डब्यातलं मांस आणि प्रत्येकी अर्धा पेला वाईन. तिखोननं कॅलेंडरची नवी गड्डी टांगली, पहिलं पान सगळ्यांना दाखवलं. टाळ्या वाजल्या. वेडे झालेत सगळे.

होड्या आज बंद, हस्सूनालाही येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मानवंदनेच्या वेळी शिडीला कुणी मासेवाला लागलेला नको म्हणे.

संध्याकाळी डेकवर चादरी काढायला गेले. हवा पडलेली, पान हलत नव्हतं, धूर सरळ वर. वळणामागच्या कोळशाच्या धक्क्याकडून एक पिवळ्या धुराड्याची आगबोट निघाली आणि खाडीतून बाहेर चालली. डेकवर माणसं दाटलेली, मुंग्यांसारखी. तेवढ्यात शिट्टी. बुलबुल. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवटी वर उचलून तोडली सुद्धा, अगदी तिखोनसारखी. एकदा नाही, चार वेळा. शेजारी नांगरलेल्या विनाशिकांवर त्याच्या हाताखालची पोरं आहेत, वाईन चढली की म्हाताऱ्याची नक्कल काढतात. मी ओरडले, पुरे करा रे मुडद्यांनो, तो माणूस श्वासाला महाग झालाय आणि तुम्हाला मस्करी सुचते. बंद झाली थोड्या वेळानं.

खाली येऊन तिखोनला सांगितलं नाही. वाईट वाटलं असतं.

तेरा दिवस राहिले.

२ जानेवारी

पाव भाजायचा की कोबीची कचोरी, ह्यावर वाद. कचोरी ठरली. टोपलीत सांडत नाही.

५ जानेवारी

आज झिनाइदा बाई घोंगडी बाजूला करून आल्या. कधी येत नाहीत न विचारता. बसल्या. हाताची बोटं एकमेकांत घालून म्हणाल्या, "फेक्ला, रागावू नकोस. साव्वाची चौदा तारीख, ती आपली की त्यांची?"

"आपली म्हणजे?"

"तो दोन वर्षं इंग्रजांच्या गोदीत आहे. तिथं..."

"बाई, तो सारंगाचा मुलगा आहे. लाल लोकांची तारीख तो लिहील? आईला? बापाला?"

"फ्रेंचांचा कागद आला तर मी तेरा वजा करते. हा रशियन भाषेत होता, माझ्या हातातच आला नाही. आज सहज डोक्यात आलं, त्यानं रविवार लिहिला होता ना?"

"वारांत चुकतो तो."

"त्यांची चौदा रविवारीच होती," बाई म्हणाल्या.

होती म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं की विधवेनं दुसऱ्याच्या घरात अपशकुन करू नये. नको होतं बोलायला. त्या उठून गेल्या. घोंगडीपलीकडून आवाज नाही, शिंकसुद्धा नाही.

६ जानेवारी

पाण्याच्या आशीर्वादाचा सण. पाद्रीबाबांनी समुद्रात क्रॉस बुडवला.

हस्सूनाला सांगून धक्क्यावर चौकशी करता आली असती. होडीनं एवढंसं अंतर, तो गेला असता आणि आला असता. तोंड उघडलं आणि म्हटलं, उद्या कांदे आण.

विचारून काय होणार आहे? आपली असेल तर येईलच. त्यांची असेल तर विचारून ती परत येणार आहे का? जोपर्यंत विचारत नाही तोपर्यंत आठ दिवस आहेत. तिखोनला आठ दिवस आहेत.

मी असली बाई नव्हते. मला आडपडदा जमत नाही, सगळी बोट सांगेल.

९ जानेवारी

तिखोनला आज शेवट जमला. एकदा. पोरासारखा हसला. मी शाबास म्हटलं आणि भांडी घासायला गेले, घासलेलीच भांडी.

१३ जानेवारी

गणवेश इस्त्री केला. क्रॉस खडूनं घासले. कचोऱ्या भाजल्या. झिनाइदा बाईंनी घोंगडीखालून साखरेची पुडी सरकवली. मी ती घेतली.

१४ जानेवारी, शनिवार

आज नाही.

१५ जानेवारी

लिहिते. न लिहून कुठं जाणार आहे.

काल सकाळी तिखोननं पान फाडलं, चौदा आली. गणवेश, क्रॉस, गळ्यात शिट्टी. सगळी बोट शिडीपाशी उभी. हस्सूना म्हणाला, "रैस, आज नवरदेव." रैस म्हणजे होडीचा मालक, त्यांच्यात तो मान आहे. तिखोनला ऐकू आलं नाही पण त्यानं सलाम ठोकला.

कोळशाच्या धक्क्यावर कोळसा होता आणि दोन मांजरं. आम्ही खोक्यांवर बसलो. तिखोन दर थोड्या वेळानं उठून खाडीच्या तोंडाकडं बघायचा. कचोऱ्या माझ्या मांडीवर, गरम होत्या, मग कोमट, मग गार. दुपारी हस्सूना स्वतःच म्हणाला, मी विचारून येतो. गेला तो भराभरा, आला तो रेंगाळत.

"मादाम, कारकून म्हणतो वर या."

चष्मेवाला कारकून, वाईट माणूस नव्हता. मोठी वही उघडली, बोट ठेवलं, इस्तंबूलहून आलेली, मार्सेयला गेलेली आगबोट. मला त्यांची अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. चौदा. मग त्यानं बोट भिंतीवरच्या कॅलेंडरकडं नेलं. सत्तावीस.

मी तिखोनच्या कानात काही ओरडले नाही. गरज नव्हती. त्यानं वही बघितली, भिंत बघितली, पुन्हा वही. रोज सकाळी आठाच्या ठोक्याला पान फाडणारा माणूस.

म्हणाला, "वार बरोबर होता."

एवढंच.

खाली आलो तर हस्सूनानं एका हमालाला धरून आणलं होतं, त्याच्या मावसभावाला. कोळशानं डोळ्यांखेरीज काही दिसत नव्हतं. तो माझ्याशी बोलेना, हस्सूनाशीच बोलत होता, मान खाली घालून.

"काय म्हणतोय?"

"म्हणतो, एक उंच माणूस होता वर, कठड्याशी. दिवसभर हलला नाही. जेवायलाही गेला नाही. खाली जो दिसेल त्याला विचारायचा, रूस, रूस, सारंग."

"मग? ह्यानं काय सांगितलं?"

"म्हणाला, कुणी आलं नाही. खरंच कुणी आलं नव्हतं, मादाम. मी असतो तर मी धावत आलो असतो. पण तुम्ही त्या दिवशी..."

"माहीत आहे मी काय सांगितलं होतं. पुढं."

"संध्याकाळी त्यानं दोरीनं एक पुडकं सोडलं. सारंगला द्या म्हणाला. तंबाखू होती."

"कुठाय?"

हमाल आणखी खाली वाकला. हस्सूना म्हणाला, "तेरा दिवस वाट बघितली म्हणतो. म्हणजे चारच बघितली असेल. मग ओढली."

मला हसू आलं. खरंच. तिखोनला तंबाखू डॉक्टरनं बंदच केलीये.

मग हमालानं कमरेचा फडका सोडला आणि ज्यानं पुडकं बांधलं होतं ते आतून काढून दिलं. काळी फीत. सोन्याची अक्षरं, अर्धी उडालेली. साव्वाच्या टोपीची. म्हणजे त्यानंही जपली होती, गोदीत, दोन वर्षं.

आणि निघताना त्या माणसानं काय केलं हे सांगायला हमालानं दोन बोटं तोंडात घातली. काळी बोटं. वाजवली, त्याला येत नव्हती नीट, पण शेवटी हात वर उचलून दाखवला. असं, असं. चार वेळा, म्हणाला. खाडीच्या तोंडापर्यंत.

मी मांजराकडं बघत राहिले.

तिखोनला ऐकू आलं नाही पण त्याला तोंडातली बोटं दिसली. होडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "शिट्टी घातली होती का त्यानं?"

"हमाल म्हणतो."

"आपल्या बोटीसमोरूनच गेली असेल आगबोट."

"गेली असेल."

"तुझे कान चांगले आहेत. ऐकलीस?"

"नाही," मी म्हटलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन नीट ओरडले, हस्सूनाही दचकला. "वारा होता. उलटा."

त्यानं मान हलवली. शिट्टी गळ्यातच होती.

बोटीवर आलो. कचोऱ्या पोरांना वाटल्या. फीत डब्यात ठेवली, बापाच्या फितीशेजारी. द्यायला गेलो होतो, घेऊन आलो. झाकण आता लागत नाही.

१८ जानेवारी

झिनाइदा बाईंकडं गेले. म्हटलं, अपशकुनाचं बोलले ते चुकलं. त्या म्हणाल्या, मी महिनाभर आधी विचारायला हवं होतं. दोघी बसलो. चहा पाणचट होता, त्यांनी केलेला नेहमीच पाणचट असतो.

त्यांनी ब्राझीलला पत्र लिहून द्यायचं म्हटलं. कुणाच्या नावानं? साव्वा, कॉफीचा मळा, ब्राझील. लिहिलं तरी. त्यांनीच सांगितलं की तिथं मळे पुष्कळ आहेत.

२१ जानेवारी, शनिवार. फ्रेंचांची ३ फेब्रुवारी.

चौदा तारखेपासून तिखोननं पान फाडलेलं नाही. दाढी करतो, बटणं लावतो, आठाला जातो, कॅलेंडरसमोर उभा राहतो आणि परत येतो. दुसऱ्या कुणी फाडायची हिंमत केली नाही, पाद्रीबाबांनीही नाही. भोजनखान्यात आठवडाभर चौदा जानेवारीच आहे. लोक तिच्याखाली बसून जेवतात.

सकाळी मला विचारतो, "आज त्यांची किती?" मी सांगते. त्याला मार्सेयच्या आगबोटींचे दिवस लागतात, ते हस्सूनानं विचारून आणलेत. त्या दिवशी तो गणवेश घालून डेकवर जातो. आज एक गेली, तांबड्या धुराड्याची. तिखोननं कठड्याशी उभं राहून बुलबुल वाजवली. शेवटाला पोचला नाही. खोकला थांबल्यावर पुन्हा सुरुवातीपासून. तोपर्यंत आगबोट खाडीबाहेर. मी म्हटलं, चल आत. म्हणाला, अजून धूर दिसतोय.

पाद्रीबाबांना विचारलं, जिवंत माणसाच्या नावानं मेलेल्याची मेणबत्ती लागली तर काय होतं? ते म्हणाले, प्रार्थना वाया जात नाही फेक्ला, देव योग्य जागी पोचवतो. मी म्हटलं, पत्ता चुकला असला तरी? त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तसलं आवडत नाही.

शिट्टी ऐकल्याचं तिखोनला सांगितलेलं नाही. सांगणार नाही. ह्या वहीत लिहिलंय, आणि त्याला वाचता येतं, पण माझं अक्षर त्याला लागत नाही. हात वळला नाही तेच बरं.

साव्वा आता मोठ्या समुद्रावर असेल, नाहीतर उतरलाही असेल. त्याला चर्च सापडलं असेल तर लावली असेल मेणबत्ती, एक माझ्या नावानं, एक बापाच्या. शब्दाचा पक्का आहे तो. इथं मयत फेक्लानं सकाळपासून अकरा चादरी धुतल्या, पिळल्या, वाळत घातल्या, आणि आता मयत तिखोनला सूप गरम करून द्यायला उठते आहे. वर थंडी आहे, आणि तो अजून खाली आलेला नाही.